कल्याण जंक्शनावरची पुरणपोळी : दोन घाट, एक खाडी आणि पोळीचा प्रवास (थ्रेड)

दरवर्षी फाल्गुन लागला की समाजमाध्यमांवर एक वाक्य फिरू लागते. पुरणपोळीचा सर्वांत जुना उल्लेख चौदाव्या शतकातील ‘मनुचरित्र’ या तेलुगू विश्वकोशात आहे, असे ते वाक्य सांगते. त्याखाली मग मराठी विरुद्ध कानडी, कानडी विरुद्ध तेलुगू असे युद्ध पेटते. पोळी मात्र तव्यावर करपत राहते.

त्या वाक्यात किमान दोन चुका आहेत. मनुचरित्र हा विश्वकोश नव्हे, ते काव्य आहे. त्याचा कर्ता अल्लसानी पेद्दन्न हा विजयनगरच्या कृष्णदेवरायाच्या दरबारातील कवी होता आणि कृष्णदेवरायाचे राज्यारोहण इ. स. १५०९ चे. म्हणजे काळ सोळाव्या शतकाचा आरंभ, चौदावे शतक नव्हे. एका चुकीच्या ओळीवर शेकडो लोकांनी आपापला प्रांताभिमान उभारला आहे, म्हणून सुरुवातीलाच हे स्पष्ट केलेले बरे.

मग मागे कुठवर जाता येते? सुमारे चारशे वर्षे आणखी मागे, आणि तेही ‘कल्याण’ला.

कल्याणी चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११३० च्या सुमाराचा. राजाने काय खावे, काय ल्यावे, कोणते खेळ खेळावे, हत्ती कसे पारखावे, अशा नाना विषयांचा तो कोश आहे. (विश्वकोश म्हणायचेच असेल तर याला म्हणावे.) त्याच्या तिसऱ्या विंशतीत ‘अन्नभोग’ नावाचे प्रकरण येते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादून छापला, म्हणून आज तो कोणालाही वाचता येतो.

येथे ठाणे जिल्ह्यातील वाचकाला मोह पडतो. कल्याणी चालुक्य म्हणजे आपलेच कल्याण की काय? तसे नाही. सोमेश्वराची राजधानी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण. खाडीवरच्या कल्याणपासून ते चारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. खाडीवरचे कल्याण त्याहून कितीतरी जुने. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नौकानयनग्रंथात ते ‘कल्लिएना’ या नावाने भेटते आणि कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत कल्याणचे व्यापारी दाते म्हणून उभे असतात. सोमेश्वर राज्य करीत होता त्या काळात ठाण्यास, म्हणजे तेव्हाच्या श्रीस्थानकास, उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होती. दोन कल्याणांची गल्लत आजही व्याख्यानांतून ऐकू येते.

आता ग्रंथात काय आहे ते पाहावे. अन्नभोगात ‘मंडक’ आणि ‘पोलिका’ हे दोन शब्द येतात. गहू धुवावे, उन्हात वाळवावे, दळावे, पीठ चाळावे, तूप-मीठ घालून कणीक मळावी आणि तापलेल्या मातीच्या खापरावर मंडक भाजावे, अशी ती कृती आहे. पोलिका म्हणजे आपली पोळी आणि मंडक म्हणजे मांडा. तेथेच ‘वेष्टिका’ही भेटते. गुंडाळणे, वेढणे या क्रियेवरून पडलेले हे नाव आहे.

वेष्टिकेचे पुढे काय झाले, ही सगळ्यात रम्य गोष्ट. सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाशा’त ‘वेढमिका’ आहे. गव्हाच्या रोटीत उडदाचे वाटण भरावे, ती वेढमिका. हाच शब्द उत्तरेत मथुरा-आग्र्याकडे बेढई अथवा बेडमी झाला आणि उडदाशी एकनिष्ठ राहिला. गुजरातेत तो ‘वेडमी’ झाला आणि त्याने उडीद सोडून तुरीची डाळ व गूळ पत्करला. म्हणजे आज डोंबिवलीतील एखाद्या गुजराती घरी ‘वेडमी’ म्हणतात ती पुरणपोळी, आणि आग्र्याच्या हलवायाकडे सकाळी बटाट्याच्या रश्श्याबरोबर मिळते ती तिखट-खारी पुरी. या दोघी नावाने सख्ख्या बहिणी आहेत.

‘पुरण’ हा शब्द सरळ आहे. पूरण म्हणजे भरण. त्यात ना डाळ आहे ना गूळ, नुसती भरण्याची क्रिया. म्हणूनच पुरणाचे कानवले होतात, पुरणाचे दिंड होतात, श्रावणात पुरणाचे दिवे लावून आरतीही होते.

कानडी ‘होळिगे’विषयी एक टीप. जुन्या कानडीतील शब्दारंभीचा ‘प’ मध्ययुगात ‘ह’ झाला. ‘पालु’चे ‘हालु’ झाले, ‘पूवु’चे ‘हूवु’ झाले. त्याच नियमाने ‘पोळिगे’चे ‘होळिगे’ झाले. पोळी आणि होळिगे हा एकच शब्द आहे. होळी या सणाशी त्याचा काही संबंध नाही, कानाला कितीही वाटो. तेव्हा मराठी-कानडी वादात शब्दाचा पुरावा कोणा एकाच्या बाजूने साक्ष देत नाही. तेलंगणातील ‘भक्षालु’ हा तर संस्कृत ‘भक्ष्य’. खाण्याचा पदार्थ, एवढाच त्याचा अर्थ. जणू खाण्याजोगे दुसरे काही नाहीच.

इतके शब्दांचे झाले. शब्दांहून अवघड प्रश्न धान्याचा आहे आणि ठाण्याच्या इतिहासात तोच महत्त्वाचा.

ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड या पट्ट्यात गहू पिकत नाही. पाऊस फार, माती भाताची. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड ठाणे जिल्ह्याचा आहे. त्यातली शेती म्हणजे भात, नागली आणि वरी. हरभरा थोडा, रब्बीचा. जेथे रोजची भाकरी तांदळाची अथवा नागलीची, तेथे गव्हाची पोळी, तिच्यात हरभऱ्याची डाळ, देशावरचा गूळ आणि वर तूप, हा सारा पदार्थ घाट उतरून आलेला पाहुणा होता. कोकणाचे आपले गोड म्हणजे तांदूळ, नारळ आणि गूळ. मोदक, पातोळ्या, खांडवी ही त्याची रूपे. पुरण तेथे चालते, पण घरचे नव्हे.

तो पाहुणा कोणत्या वाटेने आला, हे कल्याणच्या भूगोलात लिहिले आहे. सातवाहनकाळापासून जुन्नरचा माल नाणेघाट उतरून मुरबाडमार्गे कल्याण बंदरास येई. घाटमाथ्यावर नागनिकेचा लेख आहे, घाटाच्या तोंडाशी जकातीचा दगडी रांजण दाखवितात. धान्य, गूळ, तूप बैलांच्या पाठीवरून खाली येई आणि मीठ, सुके मासे, नारळ वर जात. बैलाच्या पाठीवरून आलेला गहू महाग पडणारच. तेव्हा येथील कुळाच्या घरी पोळी वर्षातून एकदोनदा, तीही हात राखूनच होत असणार.

मग आगगाडी आली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे. पुढच्याच वर्षी, मे १८५४ मध्ये, ती कल्याणला पोहोचली. तेथून दोन फाटे फुटले. एक कसाऱ्याकडे, थळ घाटाने नाशिक-खानदेशात. दुसरा कर्जतकडे, बोर घाटाने पुण्यास. बोर घाट १८६३ साली आणि थळ घाट १८६५ साली गाडीला खुला झाला. बारा-तेरा वर्षांत बैलांची वाट इतिहासजमा झाली आणि कल्याणचे ‘जंक्शन’ झाले. गाड्यांबरोबर माणसे आली आणि माणसांबरोबर त्यांची पोळी. आजच्या कल्याण-डोंबिवलीत पुरणपोळीचे जेवढे प्रकार एका पंचक्रोशीत सापडतात तेवढे मराठी मुलखात अन्यत्र क्वचितच सापडावेत. त्याचे मूळ या दोन फाट्यांत आहे.

प्रथम कसाऱ्याचा फाटा. खानदेशातून आलेल्या घरांत पुरणपोळी म्हणजे मांडे, खापरावरचे. गहू ओले करून, वाळवून, दळून, पीठ वस्त्रगाळ करतात. कणीक इतकी तिंबतात की ती रबरासारखी ताणावी. पोळपाट-लाटणे नाही. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर, मनगटापासून कोपरापर्यंत झेलत-झेलत रुमालासारखा पसरतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस आणि झणझणीत रशीबरोबर हे मांडे होतात. आता सोमेश्वराची कृती पुन्हा आठवावी : धुतलेले गहू, उन्हात वाळवणे, चाळणे, खापरावर भाजणे. नऊशे वर्षांनी जळगाव-धुळ्याच्या बाया तेच करतात. त्यांपैकी कोणी मानसोल्लास वाचलेला नाही. हात ग्रंथापेक्षा नीट स्मरण ठेवतात.

मांडे मराठी मनात किती खोल आहेत, याची साक्ष ज्ञानेश्वरांच्या आख्यायिकेत मिळते. कुंभाराने खापर देऊ नये असे विसोबाने बजावले, तेव्हा मुक्ताबाईने भावाच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजले. आख्यायिका इतिहास नव्हे, पण तिच्या आतला व्यवहार खरा आहे. खापर नसेल तर मांडा होत नाही आणि खापर देणे-नाकारणे गावाच्या हाती आहे. बहिष्कार पंक्तीत दिसण्याआधी चुलीपाशी पोहोचतो. ‘मनातल्या मनात मांडे खाणे’ हा वाक्प्रचारही तेच सांगतो. मांडे पुष्कळांच्या वाट्याला मनातच आले.

(बेळगावचे मांडे वेगळे. ते पिठीसाखरेचे, कुरकुरीत, घडी घातलेले. लग्नात रुखवतावर मिरवतात. नाव तेच, पुरण नाही.)

दुसरा फाटा कर्जतचा, म्हणजे पुणे, सातारा, सोलापूर. ही देशावरची पोळी आपल्या सर्वांच्या ओळखीची. हरभऱ्याची डाळ शिजवायची, पाणी निथळायचे, वाटीला वाटी गूळ घालून आटवायचे. उलथने उभे राहिले की पुरण झाले. मग वाटायचे. पुरणयंत्र ही अलीकडची सोय. त्याआधी पाटा-वरवंटा होता आणि तोही गरम पुरणावर, कारण गार झाले की वाटत नाही. जायफळ, वेलदोडा, सुंठ ही चवीसाठी जितकी तितकीच पोटासाठी. निथळलेले पाणी म्हणजे ‘कट’, त्याची आमटी.

त्या आमटीत एक मजेदार इतिहास दडला आहे. लालभडक तर्रीची कटाची आमटी ‘प्राचीन परंपरा’ म्हणून वाढली जाते. पण मिरची अमेरिकेची. ती पोर्तुगिजांबरोबर भारतात आली, सोळाव्या शतकात. ज्या पोर्तुगिजांनी १५३४ साली वसईचा मुलूख घेतला आणि १७३७ पर्यंत ठाणे ताब्यात ठेवले, त्यांच्याच जहाजांच्या काळातली ती वस्तू. सोमेश्वराच्या स्वयंपाकघरात तिखटपणा मिऱ्यांचा होता. म्हणजे ताटातली पोळी बाराव्या शतकाशी नाते सांगते आणि शेजारच्या वाटीतली आमटी फार तर सतराव्या-अठराव्या.

घाटावरच्या पुष्कळ घरांत ‘पोळी’ या शब्दाचा अर्थच पुरणपोळी. ‘आज पोळ्या केल्या’ म्हणजे सण आहे. रोजची ती चपाती नाहीतर भाकरी. पुण्या-डोंबिवलीच्या ब्राह्मणी बोलीत मात्र पोळी म्हणजे रोजची घडीची पोळी. शब्दाच्या या फरकावरून शाळेत मुलांची थट्टा होते. वस्तुतः त्यात गव्हाची उपलब्धता दडलेली आहे. ज्याच्या घरी गहू रोज, त्याची पोळी रोज.

आता घाटाचा फाटा सोडून खाडीकडे वळावे. ठाणे-कल्याणात पिढ्यान्‌पिढ्या वस्ती असलेल्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभू घरांची ‘तेलपोळी’ ही या भागाची आपली पोळी. पिठी लावून न लाटता ती तेलावर लाटतात. कणीक सैल, तेलात मुरलेली. पुरण गंधासारखे मऊ. पोळी इतकी पातळ की उचलताना लाटण्यावर गुंडाळून तव्यावर सोडावी लागते. घाटावरच्या खुसखुशीत पोळीची सवय असलेल्याला ती लुसलुशीत वाटेल, पण दोन दिवस ती तशीच राहते. पहिल्या छापील मराठी पाकपुस्तकांपैकी ‘सूपशास्त्र’ (१८७५) हे रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे. चवीने खाणारा समाज लिहूनही ठेवू लागला, तो हा काळ.

डोंबिवलीच्या मूळ गावांतील आगरी घरांचे चित्र निराळे. रोजचे अन्न तांदूळ आणि मासळी. पण शिमग्याला गावाच्या होळीला नारळ आणि पुरणपोळीचा नैवेद्य असतो. ज्या पिकाची शेती नाही त्या पिकाचा पदार्थ देवाला द्यायचा, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. नैवेद्य नेहमी घरात मुबलक असलेल्या वस्तूचा असतोच असे नाही; कित्येकदा तो दुर्मीळ वस्तूचा असतो.

आणि दुर्मीळ वस्तू कोणाच्या श्रमाने, कोणाच्या पानावर? महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये वर्षभराच्या सणावारांचा हिशेबच मांडला. प्रत्येक सणाला कुणब्याच्या घरून शिधा आणि दक्षिणा कशी बाहेर जाते, याचा. आपल्या पोळीवर तूप ओढण्याची म्हण मराठीत उगीच रूढ झाली नाही. पुरणपोळीचा इतिहास लिहिताना पेशवाई पंक्तींची वर्णने भरपूर मिळतात, कारण खाणाऱ्यांनी लिहून ठेवले. पंक्तीसाठी पाट्यावर पुरण वाटणाऱ्या बायकांनी काही लिहिले नाही. श्रावणी शुक्रवारी जिवतीला पुरण, नागपंचमीस तवा ठेवायचा नाही म्हणून वाफवलेली पुरणाची दिंडे, पोळ्याला बैलाच्या तोंडी पोळी, गौरी जेवतात त्या दिवशी पुन्हा पुरण. हे पंचांग बायकांच्या मनगटांवर चालले. शेवटी जेवायला बसणारीही तीच, आणि तोवर तव्याची आच उतरलेली.

विसाव्या शतकाने दोन गोष्टी बदलल्या. पहिली गहू. १९५६ मध्ये अमेरिकेशी पीएल-४८० करार झाला आणि रेशनच्या दुकानांतून तांबडा अमेरिकन गहू आला. पुढच्या दशकात हरितक्रांतीचा पंजाबी गहू. भातखाऊ ठाण्यात गहू रोजचा झाला. ज्या घरात पोळी वर्षातून एकदा होई, तेथे ती डब्यात जाऊ लागली.

दुसरी गोष्ट डोंबिवली. १८८७ मध्ये स्टेशन झाले तेव्हा आजूबाजूला भातखाचरे होती. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतील खोल्या अपुऱ्या पडू लागल्या तशी मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे येथे सरकली. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो ओघ आणखी वाढला. तमिळ, कानडी, गुजराती, कच्छी कुटुंबे आली. शेजारच्या भिवंडीत यंत्रमागांवर तेलंगणातील पद्मशाली विणकर आले, त्यांची भक्षालु आणि पोलेलु आली. केरळातून आलेल्यांची पिवळीधमक ‘बोळी’, तिरुवनंतपुरमकडे पायसमाबरोबर खातात ती. कर्नाटकातल्यांची ‘ओब्बट्टु’ अथवा होळिगे, कधी डाळीची, कधी ओल्या नारळाची. एका चारमजली इमारतीत वेडमी, तेलपोळी, मांडा आणि होळिगे एकमेकींच्या ताटांत ये-जा करू लागल्या. सोमेश्वराच्या पाकशाळेतही इतका विस्तार नसावा.

याच डोंबिवलीत पोळी घराबाहेर पडली. नवराबायको दोघेही सकाळच्या लोकलला धावणारी. तिंबायला, वाटायला, लाटायला वेळ कोणाकडे? त्यातून पोळी-भाजी केंद्रे उभी राहिली, आणि ती चालविणाऱ्या बहुतांशी बायकाच. मुंबईत हा मार्ग आधी आखला गेला होता. गिरणी कामगारांना खाणावळ घालणाऱ्या बायकांची संघटना म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. ज्या कामाला घरात मोल नव्हते त्याला बाहेर दर मिळू लागला. होळीच्या आठवड्यात ठाणे-डोंबिवलीच्या केंद्रांवर आगाऊ नोंदणी असते आणि पोळी नगावर विकली जाते. नुसते तयार पुरणही किलोवर मिळते.

यावर ‘परंपरा बुडाली’ असा सूर निघतो. तो सूर काढणाऱ्यांत पाटा-वरवंट्यावर पुरण वाटलेले किती, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. तक्रारीला जागा आहे ती दुसरीकडे. दुकानी पोळीत कणकेची जागा मैद्याने घेतली, कारण मैदा ताणतो आणि फाटत नाही. गुळाच्या जोडीला साखर आली. बंगळुरूच्या धर्तीवर आता खव्याची, खजुराची, अननसाचीही पोळी गरम तव्यावरून मिळते. ‘पुरण’ म्हणजे नुसते भरण, हा मूळ अर्थ लक्षात घेतला तर अननसालाही हरकत घेता येत नाही. चवीची गोष्ट निराळी.

या सगळ्यात धोक्यात आहे ते खापर. डाळ, गूळ आणि गहू शहरात हवे तेवढे मिळतात. पण मांड्याचे खापर घडविणारे कुंभार उत्तर महाराष्ट्रातही थोडे उरले, आणि कल्याणच्या सदनिकेतील गॅसच्या शेगडीवर ते नीट बसत नाही. खानदेशी बायकांनी त्यावर उपाय काढला. कोणी खापर गावाहून गोणपाटात गुंडाळून विदर्भ-खानदेशच्या गाड्यांतून आणतात, कोणी लोखंडी कढई पालथी घालतात. आखाजीच्या आदल्या दिवशी कल्याण पूर्वेतल्या एखाद्या गच्चीवर विटांची चूल मांडलेली दिसते. वस्त्रगाळ पिठाचा उंडा कोपरापर्यंत झेलला जातो, खालून लोकल खडखडत जाते, आणि शेजारच्या गच्चीवरून कोणीतरी विचारते, ही रुमाली रोटी का?